नावाचं कडवं

आमच्याकडं चौदा एप्रिलच्या जयंतीला जी गाणी होतात त्यांची एक रीत आहे. गाणं कुणाचं हे आधी कुणी सांगत नाही. गाणारा स्टेजवर येतो, पेटीवाला सूर धरतो आणि गाणं सुरू होतं. रचणाऱ्याचं नाव येतं ते थेट शेवटच्या कडव्यात, चालीत बसवून, 'अमका अमका सांगे' असं. जुनी मंडळी त्याला नावाचं कडवं म्हणतात. बाबांची गाणी कधी कागदावर उतरली नाहीत. ती त्यांची आहेत याला तेवढाच काय तो आधार होता.

बाबांच्या सगळ्यात चांगल्या गाण्याचं नावाचं कडवं मी काढून टाकलं. कुणी विचारलंच तर आजवर सांगत आलो, की रेडिओवाल्यांनी वेळच कमी दिला, काय करणार. रेडिओवाल्यांनी वेळ भरपूर दिला होता.

हे लिहायला घेतलं तेव्हा ताईला फोन केला. ती माझ्याहून मोठी, जामुलला असते. भाऊजी तिथल्या सिमेंट कारखान्यातून रिटायर झाले. म्हटलं, बाबांबद्दल लिहून राहिलो. तिनं पलीकडं पंखा बंद केला. मग म्हणाली, "लिह्य. पन बाबाचं नाव टाकू नको त्यात. तुह्या हातून तर नाहीच नाही." म्हणून इथं बाबांचं नाव नाही. त्यांचं नाही तर मग दुसऱ्या कुणाचंही कशाला?

बाबा रायपूरजवळ चरोद्याच्या रेल्वे यार्डात शंटमन होते. मालगाडीचे डबे सोडायचे आणि जोडायचे, हे काम. भंडाऱ्याकडून पोटासाठी आले आणि इथंच राहिले. उजव्या हाताचं मधलं बोट कपलिंगमध्ये सापडून अर्धं गेलं होतं. पेटी वाजवताना ते बोट एका काळ्या पट्टीवर पोचायचं नाही, म्हणून त्यांच्या सगळ्या चाली तेवढा एक सूर टाळून जायच्या. हे आमच्या घरात कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तरुणपणी ते एकदा रायपूरला रेडिओवर गाण्यासाठी आवाजाची परीक्षा देऊन आले होते. काय झालं ते घरात कधी कळलं नाही. पण त्यानंतर आमच्याकडं रेडिओ फक्त बातम्यांना लागायचा.

ते गाणं डबे जोडण्यावरचं होतं.

जोड गा डबा, डब्याले डबा,
एकटा डबा राह्यते उभा.

एवढंच धृपद. वरून यार्डातलं गाणं, आतून माणसं जोडायचं. जयंतीला ते सुरू झालं की चरोद्यातली बाया-माणसं धृपदाला टाळ्या द्यायची. नावाचं कडवं जवळ आलं की मागच्या पोरांच्या शिट्ट्या सुरू. पुढं नाव येणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. बाबांनी नुसतं नाव नाही, आडनावसुद्धा घातलं होतं. त्याशिवाय चाल भरत नव्हती. मी त्या वेळी दहावी-अकरावीत असेन. त्या कडव्याला मी स्टेजच्या मागं जाऊन उभा राहायचो. कावून, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पुढं मी नेहरू नगरात, शहरातल्या सधन वस्तीत, एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला लागलो. तिथं मला सगळे दोन इंग्रजी अक्षरांनी ओळखायचे, त्यापुढं 'सर'. पाटीवरही तेवढंच. आडनाव कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भाड्याचं घरही मी नेहरू नगरातच घेतलं. तिथं कुणी माझा अपमान केला असं मुळीच नाही. करतील, ही भीती मी आधीच घरी आणून ठेवली होती आणि तिला रोज खाऊपिऊ घालत होतो.

बँड याच क्लासमधला. केमिस्ट्रीचे सर गिटार वाजवायचे. ते मूळचे केरळचे, पण त्यांचा जन्म इथल्या सेक्टरमधला, म्हणजे स्टील प्लांटच्या वसाहतीतला. मी बेस गिटार. प्लांटमध्ये काम करणारा एक जण ड्रमवर. आणि गाणारी मुलगी छत्तीसगढी, माझीच जुनी विद्यार्थिनी, आता एका शाळेत शिकवणारी. क्लास सुटला की बाकं भिंतीला सरकवायची आणि वाजवायचं. आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. श्रोते म्हणजे आमचेच विद्यार्थी, त्यांची सुटका नव्हती म्हणून.

बाबांचं गाणं बँडमध्ये आलं ते त्या मुलीमुळं. कशासाठी तरी एकदा ती माझ्याबरोबर चरोद्याला आली आणि बाबा ओट्यावर गुणगुणत होते ते तिनं ऐकलं. मग ती दर रविवारी यायला लागली. तिला मराठीचा गंध नव्हता. बाबा एकेक शब्द तिला घासासारखा भरवायचे.

"पोरी, 'उभा' म्हनतानी थांबाचं. डबा थांबते ना, तसं."

"ऐसे, बाबा?"

"आत्ता जमलं. माह्या पोट्ट्याले इतक्या वर्सांत नाही जमलं."

नावाचं कडवं त्यांनी तिच्याकडून सगळ्यात जास्त घोटून घेतलं. मी आतल्या खोलीत पेपर तपासत असायचो.

गाणं बसल्यावर केमिस्ट्रीचे सर एकदा म्हणाले, "यार, तेरे पापा की धुन में एक सुर आता ही नहीं. उसके बगल से निकल जाते हैं. बड़ा अजीब है, बड़ा अच्छा है." तेव्हा मला ते अर्धं बोट आठवलं. मी म्हटलं, चला, पुढचं गाणं.

रायपूरच्या एका रेडिओवर तेव्हा रविवारी संध्याकाळी लहान गावांतल्या बँडचा कार्यक्रम व्हायचा. त्यांची पद्धत अशी, की स्टुडिओत बोलवायचं नाही. त्यांची एक बाई मशीन घेऊन तुमच्याकडं यायची. बँडनं सगळ्यांनी मिळून, न थांबता, एका दमात गायचं. चुकलं तर परत पहिल्यापासून. तुकडे जोडायचे नाहीत. एक गाणं सहा मिनिटांपर्यंत चालेल, असं तिनं फोनवरच सांगितलं होतं. चारही कडव्यांचं आमचं गाणं पाच मिनिटांत बसायचं.

ती आली, तिशीची, कानांवर मोठे हेडफोन. आधी क्लासमध्येच रेकॉर्डिंग करून पाहिलं. शेजारून हायवे. दर गाण्यात एखादा ट्रक कुत्र्यासारखा केकाटायचा. शेवटी तिनं हेडफोन काढले. "बाकी तीन गाने यहीं ठीक हैं. पर ये डब्बे वाला, ये यहाँ का नहीं लगता. ये कहाँ रहता है?"

"चरोदा में," गाणारी मुलगी लगेच म्हणाली. "सर के बाबा के घर."

मी फळा पुसत होतो. पुसलेलाच पुसत राहिलो.

पुढच्या रविवारी सगळे चरोद्याला. मे महिना. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्या, आवाज घुमू नये म्हणून. कूलर बंद. ताई जामुलहून मुद्दाम आली होती, चहा-नाश्त्याला. आणि बाबा सकाळपासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. त्या शर्टाला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"मी कोपऱ्यात पेटी धरून बसू काय?" मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं. "वाजवत नाही. नुसता बसतो."

"बाबा, तुमचा खोकला. मशीन सगळं ओढून घेते."

"हो, तेही खरंच हाय." त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. "मंग मी भायेर बसतो. गल्ली सांभाळतो."

प्लास्टिकची खुर्ची घेऊन ते गल्लीत, त्या खोलीच्या खिडकीखाली जाऊन बसले. कुणी स्कूटरवर आलं की हात वर करायचे, यार्डात गाडी थांबवतात तसा. "इंजन बंद कर बाप्पा. आत गानं चालू हाय. रेडिओचं." माणसं स्कूटरवरून उतरून ढकलत न्यायची. समोरच्या बाईनं कुकर गॅसवरून उतरवून ठेवला. एवढं त्यांचं ऐकलं त्या गल्लीनं.

आत मी त्या मुलीला म्हटलं, "चौथा अंतरा छोड़ देंगे."

तिला वाटलं मी गंमत करतोय. "सर, बाबा ने सबसे ज़्यादा वही सिखाया है."

"वो घर वाला है. पब्लिक के लिए नहीं."

"टाइम तो है," केमिस्ट्रीचे सर गिटार लावता लावता म्हणाले.

"गाना लंबा हो जाता है यार."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते सगळं समजले असावेत, कारण मान खाली घालून पुन्हा गिटार लावायला लागले. मला वाटतं त्यांनी तेव्हा भांडायला पाहिजे होतं. पण दुसऱ्याच्या बापाच्या गाण्यासाठी मुलाशी कोण भांडणार?

मनात काय होतं ते आता सरळ सांगतो. रेडिओवर ते आडनाव वाजलं असतं आणि सोमवारी क्लासमध्ये कुणीतरी विचारलं असतं, सर, वो आपके पिताजी हैं? मग दोन अक्षरांच्या मागं काय आहे ते सगळ्यांना कळलं असतं. बस, एवढंच. लाज वाटत होती. या शब्दाशी यायला मला इतकी वर्षं लागली. त्याच्याऐवजी मी वेळ, लांबी, पब्लिक असले शब्द वापरत राहिलो.

पहिल्या वेळी मालगाडीचा भोंगा मधेच आला. दुसऱ्या वेळी गाणं सुरेख झालं. ती मुलगी 'उभा' म्हणताना अशी थांबली की माझ्या अंगावर काटा आला. तिसरं कडवं, धृपद, गिटारचे चार सूर, आणि संपलं. मग रेडिओच्या बाईनं माइक माझ्यापुढं धरला. "सर, दो शब्द. ये गाना किसका है, किसने लिखा?"

बाहेर बाबांचा खोकला ऐकू आला. इतका वेळ त्यांनी तो दाबून धरला असणार.

"हमारे विदर्भ का पुराना लोकगीत है," मी म्हणालो. "पारंपरिक. किसका है, किसी को पता नहीं."

ती मुलगी उठून स्वयंपाकघरात निघून गेली. मी केबल गुंडाळत बसलो. बाहेर आलो तर बाबा खुर्चीवरून उठले, शर्ट पाठीला चिकटलेला.

"तीनच कडवे झाले?"

"ते नंतर जोडणार आहेत बाबा. मशीनवर."

"जोडता येते?"

"येते."

त्यांनी मान हलवली. आयुष्यभर जोडण्याचंच काम केलेला माणूस. "मंग ठीक हाय," म्हणाले.

कार्यक्रम लागायला अजून काही आठवडे होते. तेवढ्यात बाबांनी यार्डातल्या जुन्या माणसांना सांगितलं, विहारात सांगितलं, भंडाऱ्याला फोन केले. "माह्यं गानं येऊन राह्यलं रेडिओवर. नावासकट." दर फोनवर हे 'नावासकट'. मी ऐकायचो आणि ठरवायचो, उद्या रेडिओच्या बाईला सांगू. शेवटी केला फोन. तेव्हा कार्यक्रम बांधून झाला होता.

"गाना तो अब नहीं बदलेगा सर," ती म्हणाली. "पर गाने के बाद मैं नाम बोल दूँगी. उसमें क्या है? आप बस नाम मैसेज कर दीजिए."

इतकं सोपं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत बसून बाबांचं नाव टाइप केलं. मग आडनाव. तेवढ्यात क्लासचे मालक आत आले, खुशीत. "अरे सर, रविवार को आपका रेडिओ! मैंने सारे पैरेंट्स को बोल दिया है. पूरा नेहरू नगर सुनेगा." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ते गेल्यावर मी आधी आडनाव पुसलं. मग नुसतं नाव राहिलं, तर ते अर्धवट दिसायला लागलं. मग तेही पुसलं.

त्या रविवारी आमच्या गल्लीत सतरंज्या टाकल्या होत्या. कुणीतरी फोनवर रेडिओ लावून तो जयंतीच्या भोंग्याला जोडला. बाबा तोच पांढरा शर्ट घालून पुढं. मी ओट्याच्या पायरीवर, शक्य तेवढा कडेला. आमची क्लासमधली गाणी आली आणि गेली, लोकांनी ती सभ्यपणे ऐकली. मग माझाच आवाज गल्लीत घुमला, पारंपरिक, किसका है किसी को पता नहीं. त्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लगेच धृपद आलं होतं आणि बाया टाळ्या द्यायला लागल्या होत्या.

तिसरं कडवं संपलं. मागच्या माणसांनी शिट्टीसाठी बोटं तोंडात घातली. आता ती पोरं नव्हती, केस पिकलेली माणसं होती, माझ्याबरोबरची. एक शिट्टी वाजलीही. मग गिटारचे चार सूर आणि लगेच लोखंडी सळईची जाहिरात.

बोटं तशीच तोंडात राहिली.

"कावून बे? नाव तर आलंच नाही!" शेजारचे काका ओरडले. "पोट्ट्या, तूच होता ना तिथं? नावाचं कडवं कुठं गेलं?"

मी खरंच तोंड उघडलं होतं. पण माझ्या आधी बाबा बोलले, मागं न वळता. "वेळ नसन त्यायच्यापाशी. रेडिओवाल्यायले घाई असते, बाप्पा. बंद करा तो भोंगा, चहा घ्या."

वेळ कमी दिला, हे कारण मी बनवलेलं नाही. ते मला बाबांनी दिलं. मी ते घेतलं आणि वापरत राहिलो.

नंतर जे झालं त्यावर माझा काही ताबा राहिला नाही. रेडिओवाल्यांनी तो कार्यक्रम इंटरनेटवर टाकला. बाकीची गाणी कुणी ऐकली नाहीत. हे एक मात्र फिरायला लागलं. खाली लिहिलेलं, पारंपरिक. नागपूरकडच्या कॉलेजातल्या मुलांनी ते गायलं. मग आणखी कुणी, मग कुठल्या लग्नातही. सगळे तीन कडवी गायचे, कारण जगाला तीनच ठाऊक. आणि बाबा जो सूर टाळून जायचे तो सूर लोकांनी आपोआप भरून टाकला. चाल आता गुळगुळीत झाली.

मी उशिरा जागा झालो. रेडिओच्या बाईला फोन केला, तिनं ती नोकरी सोडली होती. कार्यक्रम बंद पडला होता. तिथल्या नव्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पर सर, रिकॉर्डिंग में तो आप खुद बोल रहे हैं कि ट्रेडिशनल है." मग एकेका व्हिडिओखाली मी लिहायला लागलो, हे गाणं माझ्या वडिलांचं आहे. एका मुलानं खाली उत्तर दिलं, "अंकल, ये सबके बाप का गाना है." त्याखाली शेकडो लोकांनी हसरे चेहरे टाकले. तो मुलगा चुकला असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

बँडही आपोआप थांबला. भांडण नाही, काही नाही. केमिस्ट्रीचे सर कोट्याला गेले, त्या मुलीचं लग्न झालं.

मग एका वर्षीची जयंती. बाबा खूप थकले होते. मी त्यांना धरून आणून पहिल्या रांगेत बसवलं. चरोद्याच्याच पोरांचा एक ग्रुप स्टेजवर आला, निळे टी-शर्ट, कीबोर्ड. सूत्रसंचालन करणारा पोरगा म्हणाला, "आता विदर्भाचं एक पारंपरिक गीत, जे तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर ऐकलं असेल." आणि बाबांच्या गल्लीत, बाबांच्या समोर, जोड गा डबा सुरू झालं.

बाबा खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते. जिथं तो टाळलेला सूर भरून आला तिथं त्यांचं बोट क्षणभर थांबायचं, मग पुन्हा चालू. तिसरं कडवं संपलं, टाळ्या पडल्या. बाबांचे ओठ पुढं हलत राहिले. मी कान जवळ नेला. पण कीबोर्डवाल्यानं पुढच्या गाण्याचा ठेका टाकला होता आणि स्पीकरच्या बॉक्समधून असा दणका येत होता की छाती हलत होती. मला काही ऐकू आलं नाही.

मी उठलो, स्टेजकडं गेलो. त्या पोराला खालूनच ओरडून सांगितलं, "ते गाणं यांचं आहे. समोर बसलेत ते. आणखी एक कडवं आहे त्याला."

"काका, पुढचा नंबर लागला ना आता." तो वाकून म्हणाला, अगदी अदबीनं. "आन असं तं लय जन सांगते. उद्या सकाळी या ना, निवांत बोलू."

मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. बाबांनी शेजारच्या काकांना पाठवलं होतं. "चाल बे, बुढा बोलवून राह्यला."

बाबा म्हणाले, "राहू दे. चांगलं म्हनून राह्यले पोट्टे."

त्या पावसाळ्यात बाबा गेले.

सगळं उरकल्यावर ताई आणि मी मागच्या खोलीत बसलो होतो. भिंतीला अजून त्या गोधड्यांचे खिळे होते. ताई एक खिळा हलवून पाहत म्हणाली, "त्या दिवशी तू आत काय बोलला ते बाबानं ऐकलं होतं."

मी दुसरा खिळा धरला.

"मी त्यायले पानी द्याले गेली होती खिडकीपाशी. पारंपरिक म्हने. माह्यं तं डोकंच फिरलं. मी आत यिऊन राह्यली होती तुले बोलाले. बाबानं हात धरला. म्हने, जाऊ नको. पोरगा भेला हाय. तोच जोडन मंग."

"मग त्यांनी सगळ्यांना नावासकट म्हणून का सांगितलं?"

"तुले कळत नाही काय?" ताईनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुह्यासाठी सांगे तो. तू ऐकशीन म्हनून."

आता माझ्या मनात एकच आहे. ते गाणं चारही कडव्यांचं एकदा रेकॉर्ड करून ठेवायचं. कुणी ऐको न ऐको. आडनावासकट, माझ्या तोंडून. मागच्या खोलीत फोन समोर ठेवून मी बसलो. तीन कडवी म्हटली. चौथ्याची पहिली ओळ म्हटली, 'मांगच्या डब्याले लाल दिवा, पुढं हिरवी बत्ती'. आणि थांबलो. दुसरी ओळ येईना. त्यानंतर नाव येतं, ते पाठ आहे. पण मधली ओळ नाही.

ती मला येत नाही. ती येण्याच्या वेळी मी स्टेजच्या मागं असायचो, आणि जे पुढं होते त्यांच्यासाठी ती शिट्ट्यांत बुडून जायची. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांना नाव आठवतं, शिट्टी आठवते. त्या मुलीला फोन लावला. तिला बाबा गेल्याचं माहीत नव्हतं, ती रडली. मग आठवायचा प्रयत्न केला. "नाम वाली लाइन याद है सर. उसके पहले वाली..." फोनवर ती गुणगुणली आणि तिथंच अडली, माझ्यासारखीच. "आपने बोला था छोड़ दो. तो फिर कभी गाया ही नहीं."

मी यमकं जुळवून पाहतो. माती, नाती, वाती, छाती. गणित शिकवणारा माणूस आहे, चालीत बसणारी ओळ मला रचता येते. दोन-तीन तर बऱ्या रचल्याही. म्हणून पाहिल्या आणि लगेच पुसल्या. हेही आता मीच रचून टाकलं तर बाबांचं काय राहिलं त्यात?

ताईला ती ओळ येते. लहानपणी बाबांच्या मागं धृपद धरायला तीच असायची. विचारलं तर म्हणाली, "येते ना. कावून नाही येनार?"

"मग सांग ना, ताई."

"नाही सांगत."

"बाबांचं नाव राहील गं."

"तुले सांगतलं की तू ते म्हनशीन, फोनमधी भरशीन न मोकळा होशीन." रागानं नाही, भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. "मले तुले मोकळं नाही करायचं. माह्याजवळ हाय ते, राहू दे माह्याजवळ."

ती सत्तरीला आली आहे. दम्याचा त्रास आहे. हे मी तिला बोलून दाखवू शकत नाही, आणि तिलाही ते कळतं.

तरी मी रविवारी जामुलला जातो. नेहरू नगरच्या फाट्यावरून बस मिळते. भाऊजी पेपर वाचत बसतात, मी बाहेरच्या खोलीत. ताई आत भाकरी थापता थापता ते गाणं गुणगुणते. मुद्दाम गुणगुणते की सवयीनं, मला सांगता येत नाही. तो एक सूर टाळून, अगदी बाबांसारखं. पहिलं कडवं होतं, दुसरं होतं. मी भाऊजींच्या पेपराची मागची बाजू पाहत बसतो, कान आत. तिसरं संपतं. लाल दिवा येतो, हिरवी बत्ती येते. आणि ताई नळ सोडते, पूर्ण, आणि परातीत पाणी पडायला लागतं.